विकिमीडिया कॉमन्ससाठी छायाचित्रांचे मोबाइल ॲप कसे बांधावे

सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावी देवळाच्या आवारात चार-पाच वीरगळ उभे असतात, पलीकडे बारव असते, नदीकाठी फरसबंद घाट असतो, आणि गावातील जवळपास प्रत्येक तरुणाच्या खिशात बारा-पंधरा मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. तरीही त्या वीरगळाचे कोणालाही मुक्तपणे वापरता येईल असे एकही छायाचित्र सापडत नाही. असे छायाचित्र ठेवण्याची जागा २००४ च्या सप्टेंबरपासून उपलब्ध आहे. विकिमीडिया कॉमन्स हा तो संग्रह असून त्यातील माध्यमफाइलींची संख्या आज दहा कोटींच्या पुढे गेली आहे. मराठी विकिपीडियावरील बहुतेक चित्रे तेथूनच येतात. फोन आणि हा संग्रह यांना जोडणारे ॲप कसे बांधावे, याची पायरीवार मांडणी या लेखात केली आहे. अँड्रॉइडवर कोटलिन भाषेत एखादे छोटे ॲप तयार केलेल्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. सातारा, वाई, कराड येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणूनही हे काम घेता येईल.

प्रारंभीच एक भूमिका स्पष्ट करतो. फाइल सर्व्हरवर पोहोचवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. कोणते चित्र पाठवू नये हे वापरणाऱ्याला वेळेवर सांगणे, आणि जे पाठवायचे ते नाव, वर्णन, स्थान व परवाना यांसह पाठवणे, हे अवघड आहे आणि ॲपचा कस तेथेच लागतो. संग्रहाची निगा राखणारे स्वयंसेवक मोजके आहेत. सेल्फी, वाढदिवसाचे फलक आणि व्हॉट्सॲपवरून आलेली चित्रे यांचा लोंढा त्यांच्यावर सोडणारे ॲप, तांत्रिकदृष्ट्या कितीही देखणे असले, तरी उपद्रवीच ठरते.

पहिली पायरी: नव्या ॲपची गरज आहे का

अँड्रॉइडसाठी ‘कॉमन्स’ नावाचे ॲप आधीपासून आहे. ते स्वयंसेवक चालवतात, त्याचा स्रोतसंकेत (सोर्स कोड) गिटहबवर खुला आहे आणि त्याला अपाचे २.० हा परवाना आहे. आसपासची छायाचित्र नसलेली ठिकाणे नकाशावर दाखवण्याची सोयही त्यात आहे. सर्वसाधारण हेतूने त्याचीच दुसरी आवृत्ती काढण्यात अर्थ नाही. त्यातील उणीव भरून काढायची असेल, तर सुधारणा त्याच प्रकल्पात पाठवावी. संदेशांचे मराठी भाषांतर करायचे असेल, तर ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या संकेतस्थळावर प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसालाही ते करता येते.

वेगळे ॲप काढणे योग्य ठरते ते काम नेमके आणि मर्यादित असेल तेव्हा. उदाहरणार्थ, जिल्ह्यातील बारवा, वीरगळ, घाट आणि जुनी देवळे एवढ्यांचीच नोंद करणारे, मराठीत प्रश्न विचारणारे आणि गावात रेंज नसताना चालणारे ॲप. पुढील सर्व पायऱ्या अशा ॲपला धरून लिहिल्या आहेत. काम सुरू करण्यापूर्वी वर सांगितलेल्या जुन्या ॲपचा स्रोतसंकेत मात्र आठवडाभर वाचावा, कारण पुढे ज्या अडचणी येणार आहेत त्यांतील बहुतेकांशी ती मंडळी आधीच झगडलेली आहेत.

दुसरी पायरी: काय चालते आणि काय चालत नाही

हा भाग प्रोग्रॅमिंगच्या आधी समजून घ्यावा, कारण ॲपमधील पडद्यांचा क्रम त्यावरूनच ठरतो. कॉमन्सवर केवळ मुक्त परवान्याची सामग्री चालते. व्यावसायिक वापरास मनाई करणारा किंवा बदल करू न देणारा परवाना तेथे स्वीकारला जात नाही. ॲपमध्ये दोन-तीनच पर्याय ठेवावेत: क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवाटप ४.०, श्रेयनिर्देश ४.० आणि सर्व हक्क सोडणारा सीसी-शून्य. पहिला पर्याय आधीच निवडलेला असावा. मात्र पहिल्या वापराच्या वेळी एका वेगळ्या पडद्यावर साध्या मराठीत तीन गोष्टी सांगाव्यात: हे चित्र कोणीही, अगदी व्यवसायासाठीसुद्धा, वापरू शकेल, वापरताना तुमचे नाव देणे त्यांना बंधनकारक राहील, आणि एकदा दिलेला परवाना परत घेता येणार नाही. सीसी-शून्य निवडल्यास नावाची अटही उरत नाही, हे त्या पर्यायाशेजारी लिहावे. ‘अटी मान्य आहेत’ एवढीच चौकट ठेवली तर ती कोणी वाचत नाही, आणि सहा महिन्यांनी आपला फोटो दिनदर्शिकेवर पाहून माणूस बिथरतो.

दुसरा प्रश्न चित्रातील वस्तूचा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार वास्तूंची आणि सार्वजनिक ठिकाणी कायम उभ्या असलेल्या शिल्पांची छायाचित्रे घेऊन प्रसिद्ध करता येतात. त्यामुळे पोवई नाक्यावरील शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे छायाचित्र चालते. ही सवलत सपाट चित्रांना मात्र लागू नाही. अलीकडे रंगवलेले भित्तिचित्र, फ्लेक्स, माहितीफलकावरील रेखाटन किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ हा छायाचित्राचा मुख्य विषय असेल, तर हक्क मूळ कलावंताकडे राहतात. वाईच्या परिसरातील जुन्या वाड्यांमधील पेशवेकालीन भित्तिचित्रांना ही अडचण नाही, कारण त्यांचे हक्क केव्हाच संपले आहेत. घरातील जुन्या फोटोंचा प्रश्न किचकट आहे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राचे हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपत, आता ते छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतात, आणि कॉमन्सवर अमेरिकेतील हक्कांचाही विचार होतो. म्हणून पहिल्या आवृत्तीत ‘मी स्वतः काढलेला फोटो’ एवढाच मार्ग ठेवावा आणि बाकीच्यांसाठी संकेतस्थळाकडे बोट दाखवावे.

हे नियम पानभर लिहून दाखवण्यापेक्षा प्रश्नांच्या रूपात आणावेत. ‘हा फोटो तुम्ही स्वतः काढला आहे का?’ आणि ‘फोटोचा मुख्य विषय एखादे चित्र, फलक किंवा छापील मजकूर आहे का?’ हे दोन प्रश्न बरेच काम करतात. त्यांच्या जोडीला ॲपने स्वतःही पाहावे. फाइलमध्ये कॅमेऱ्याची कोणतीच नोंद नसेल आणि चित्राची मोठी बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास असेल, तर ती बहुधा व्हॉट्सॲपवरून आलेली असते. अशा वेळी वाट पूर्णपणे न अडवता स्पष्ट शब्दांत विचारावे, आणि मूळ फाइल ज्याच्या फोनमध्ये आहे त्यानेच ती पाठवावी असे सुचवावे.

तिसरी पायरी: ठिकाणांची यादी

कशाचे छायाचित्र हवे आहे हे ॲपला कळण्यासाठी विकिडेटा हा विकिमीडियाचा खुला माहितीसाठा वापरावा. विकिडेटावर प्रत्येक ठिकाणाची एक नोंद असते. तिच्यातील पी ६२५ या गुणधर्मात अक्षांश-रेखांश, पी १८ मध्ये चित्र आणि पी ३७३ मध्ये कॉमन्सवरील वर्गाचे, म्हणजे फाइलींच्या विषयवार गटाचे, नाव असते. विकिडेटाच्या क्वेरी सेवेला ‘या बिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या आणि पी १८ नसलेल्या नोंदी द्या’ असा प्रश्न विचारता येतो. या सेवेला साठ सेकंदांची मर्यादा आहे. संपूर्ण महाराष्ट्राची यादी एका दमात मागितली तर प्रश्न अर्धवट राहतो. म्हणून जिल्ह्यापुरती यादी घ्यावी, ती फोनमधील रूम डेटाबेसमध्ये साठवावी आणि आठवड्यातून एकदा, वायफाय असताना, ताजी करावी. माणूस कासच्या पठारावर पोहोचल्यावर यादी मागू लागणारे ॲप तेथे निरुपयोगी ठरते.

येथे एक अडचण हमखास येते. लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीसारख्या प्रसिद्ध वास्तू शोधल्या की सापडतात, पण गावोगावच्या वीरगळांची नोंदच नसते. ‘यादीत नाही’ हे बटण त्यामुळे नकाशाच्या पडद्यावर ठळक हवे. ते दाबल्यावर विकिडेटावर थेट नवी नोंद तयार करू नये. गाव, वस्तूचा प्रकार आणि स्थान एवढे घेऊन चित्राला गावाची नोंद जोडावी. नव्या नोंदीचा निर्णय नंतर जाणत्या माणसाने घ्यावा, नाहीतर एकाच बारवेच्या चार नोंदी होतात.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची माहिती आणि मॅपलिब्रे किंवा ओएसएमड्रॉइड यांपैकी एक ग्रंथालय (तयार प्रोग्रॅमचा संच) पुरेसे आहे. ओपनस्ट्रीटमॅपचे सर्व्हर मोठ्या प्रमाणावर नकाशे आगाऊ उतरवून घेण्यासाठी नाहीत. जिल्ह्याचा नकाशा ॲपसोबत द्यायचा असेल, तर व्हेक्टर स्वरूपातील फाइल स्वतः तयार करून द्यावी आणि श्रेयाची ओळ नकाशावर ठेवावी.

चौथी पायरी: खाते आणि प्रवेश

ॲपने वापरणाऱ्याचा पासवर्ड स्वतःच्या चौकटीत घेऊ नये. मेटा-विकी या विकिमीडियाच्या समन्वयाच्या विकीवर ओऑथ २.० साठी (पासवर्ड न देता ॲपला प्रवेश देण्याच्या पद्धतीसाठी) ॲपची नोंदणी करावी, आणि नोंदणी करताना ते गुप्त किल्ली जपू न शकणारे ॲप आहे असे नमूद करावे. फोनवर बसवलेल्या ॲपमधून कोणतीही किल्ली काढून घेता येते. म्हणून पीकेसीई ही पद्धत वापरावी. तिच्यात प्रत्येक प्रवेशाच्या वेळी ॲप एक यादृच्छिक गुपित तयार करते आणि शेवटी ते दाखवल्यावरच त्याला टोकन, म्हणजे प्रवेशाची सांकेतिक खूण, मिळते. प्रवेशाचे पान फोनच्या ब्राउझरमध्ये उघडावे. अधिकार मागताना नव्या फाइली चढवणे आणि पाने संपादित करणे एवढेच मागावेत. इतरांच्या फाइली बदलण्याचा अधिकार अशा ॲपला लागत नाही, आणि तो मागितला तर मंजुरीच्या वेळी प्रश्न येतील व ते योग्यच असतील. मंजुरी मिळेपर्यंत नोंदणी करणाऱ्याला स्वतःच्या खात्यावर चाचणी घेता येते, त्यामुळे काम खोळंबत नाही.

मिळालेले टोकन अँड्रॉइडच्या कीस्टोअरच्या (किल्ल्यांच्या सुरक्षित पेटीच्या) आधाराने सांकेतिक करून ठेवावे. ॲपच्या प्रत्येक विनंतीत ॲपचे नाव, आवृत्ती आणि संपर्काचा पत्ता असलेला युजर-एजंट (विनंती कोणाकडून आली हे सांगणारी ओळ) पाठवणे विकिमीडियाच्या धोरणानुसार आवश्यक आहे. ओकेएचटीटीपी या विनंत्या पाठवणाऱ्या ग्रंथालयात प्रत्येक विनंतीवर चालणारा एकच इंटरसेप्टर लिहून ते कायमचे मार्गी लागते.

पाचवी पायरी: फोटो हाती घेणे

या पायरीवर अनेकांचे घोडे अडते, आणि कारण चटकन लक्षात येत नाही. अँड्रॉइड १० पासून गॅलरीतील फोटो दुसऱ्या ॲपला देताना प्रणाली त्याच्या एक्झिफ नोंदीतील (कॅमेऱ्याने फाइलमध्येच लिहिलेल्या माहितीतील) स्थान काढून टाकते. फोटो निवडण्याची नवी खिडकीसुद्धा फाइल स्थानाविनाच देते. परिणामी फोटोत स्थान असूनही ॲपला ते दिसत नाही. दस्तऐवज निवडण्याची जुनी सोय वापरली तर मूळ फाइल स्थानासह मिळते, आणि सर्व फोटो वाचण्याची व्यापक परवानगीही मागावी लागत नाही. प्ले स्टोअर आता ती परवानगी सहजासहजी मान्य करत नाही, त्यामुळे माझा कौल दस्तऐवजाच्या मार्गाला आहे. गॅलरी स्वतःच दाखवायची असेल, तर माध्यमाच्या स्थानाची वेगळी परवानगी घेऊन मूळ फाइल मागावी लागते.

स्थान हाती आल्यावर ते कशाचे आहे हे पाहावे. यवतेश्वरच्या घाटातून अजिंक्यतारा टिपला, तर फोटोतील अक्षांश-रेखांश घाटाचे असतात, किल्ल्याचे नव्हे. कॉमन्सवर यासाठी दोन वेगळे गुणधर्म आहेत: कॅमेरा जेथे होता त्या बिंदूसाठी पी १२५९ आणि दिसणाऱ्या ठिकाणासाठी पी ९१४९. ॲपने एक्झिफमधील स्थान पहिल्यात टाकावे. यादीतून निवडलेल्या ठिकाणाचे स्थान त्याच्या विकिडेटा नोंदीत असतेच.

स्थान नेहमी अचूक द्यावेच असे नाही. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटासह जागतिक वारसा यादीत आले. तेथील कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींचे स्थान दहा मीटरपर्यंत अचूक जाहीर करणे म्हणजे कंद उपटून नेणाऱ्याला पत्ता देणे होय. दशांश चिन्हानंतर चार अंक ठेवले तर चूक साधारण अकरा मीटरच्या आत राहते, आणि दोनच ठेवले तर ती किलोमीटरभर होते. म्हणून विषय वनस्पती किंवा पक्ष्याचे घरटे असेल तेव्हा ॲपने स्थान आपोआप दोन अंकांपर्यंत कापावे. फाइलमधील एक्झिफ नोंदही तशीच बदलावी, कारण केवळ वर्णनातील स्थान बदलून मूळ फाइल तशीच पाठवली तर सारे व्यर्थ जाते. माणसाच्या घरातून काढलेल्या फोटोलाही हीच खबरदारी हवी. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक काढून टाकावा, मात्र फोटोची तारीख, लेन्स आणि एक्सपोजर यांच्या नोंदी राहू द्याव्यात, कारण पुढे त्यांचा उपयोग होतो.

काही फोन हेइक (HEIC) स्वरूपात फोटो साठवतात. कॉमन्स ते घेत नाही. अशा फाइलीचे जेपेगमध्ये उच्च दर्जाने रूपांतर करून एक्झिफ नोंदी पुन्हा बसवाव्यात. इतर बाबतीत चित्र लहान करू नये. डेटा वाचवायचा असेल, तर ‘वायफायवरच पाठवा’ हा पर्याय द्यावा. चलचित्रांच्या स्वरूपाचा घोळ मोठा असल्यामुळे पहिल्या आवृत्तीत चलचित्रे घेऊ नयेत.

वीरगळाचे छायाचित्र कसे काढावे याची छोटी सूचना कॅमेऱ्याच्या पडद्यावरच द्यावी. सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन शिळेच्या बाजूने पडले की झिजलेले कोरीवकामही उठून दिसते. एक फोटो संपूर्ण शिळेचा आणि प्रत्येक चौकटीचा एक वेगळा घ्यावा: खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि शिरोभागी चंद्रसूर्य. कोरीवकाम दिसावे म्हणून शिळेवर खडू, तेल किंवा पीठ फासू नये, हे वाक्य ठळक अक्षरांत असावे.

सहावी पायरी: नाव, वर्णन आणि वर्ग

कॅमेऱ्याने दिलेले अंकांचे नाव कॉमन्स स्वीकारत नाही, आणि ते योग्यच आहे. नाव मराठीत देता येते, पण येथे देवनागरीची एक मर्यादा आड येते. फाइलीचे नाव विस्तारासह २४० बाइटांपेक्षा मोठे चालत नाही आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘सातारा’ या तीन अक्षरांच्या शब्दात सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. म्हणून नावासाठी रिकाम्या जागा सोडून साधारण ७८ चिन्हेच हाती उरतात. ॲपने चौकटीखाली उरलेली जागा बाइटांच्या हिशेबाने दाखवावी. नाव कापावे लागलेच, तर ते शब्दाच्या सीमेवर कापावे. जोडाक्षराच्या मध्ये कापले तर शेवटी लटकता हलन्त राहतो. चौकटी कंस, महिरपी कंस, उभी रेघ, विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम आणि तिरपी रेघ ही चिन्हे टाइप होताच बदलून टाकावीत.

याच ठिकाणी युनिकोडचा आणखी एक पेच आहे. ‘साताऱ्यातील’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो. एका कळफलकावर ऱ, हलन्त आणि य असा क्रम येतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि शोधात एक सापडतो तर दुसरा निसटतो. सर्व्हरवरील नेहमीचे प्रमाणीकरण हा भेद मिटवत नाही. त्यामुळे साठवण्यापूर्वी ॲपनेच पहिल्या रूपात बदल करावा. ‘ॲ’ या अक्षराचेही असेच करावे.

वर्णन मागताना मोकळी चौकट समोर ठेवली की माणसे ‘छान मंदिर’ एवढेच लिहितात. त्याऐवजी तीन लहान प्रश्न विचारावेत: हे काय आहे, कोठे आहे आणि फोटोत नेमके काय दिसते. त्यांच्या उत्तरांतून ॲपने वाक्य जुळवावे आणि ते वापरणाऱ्याला दुरुस्त करू द्यावे. ‘मेणवली येथील कृष्णेच्या घाटावरील घंटेचे देऊळ, पूर्वेकडून’ हे वर्णन आळसावलेल्या माणसाकडूनही अशा रीतीने निघते. पाठवताना ते कॉमन्सच्या इन्फॉर्मेशन साच्यात (ठरावीक रकान्यांच्या नमुन्यात), मराठी भाषेच्या खुणेसह बसवावे. त्याच साच्यात तारीख, ‘स्वतःचे काम’ हा स्रोत आणि छायाचित्रकाराचे नाव जाते. परवान्याचा साचा वेगळ्या विभागात येतो.

वर्गांची नावे कॉमन्सवर प्रामुख्याने इंग्रजीत आहेत, आणि मराठी माणसाने ती टाइप करावीत ही अपेक्षा चुकीची आहे. त्याने ठिकाण मराठीत निवडावे आणि ॲपने त्या नोंदीतील पी ३७३ वरून वर्ग आपोआप लावावा. तो नसेल तर तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा वर्ग लावावा. वनस्पतींचेही तसेच. वापरणाऱ्याने ‘वायतुरा’ असे लिहिले, तर विकिडेटावरील मराठी नावाच्या आधारे त्याला साताऱ्याचेच नाव शास्त्रीय नावात मिरवणारी ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’ ही जाती सापडायला हवी. मराठी नाव तेथे नसेल, तर ते जोडणे हे स्थानिक वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ॲपइतकेच मोलाचे काम आहे.

सातवी पायरी: फाइल चढवणे

चढवण्याचे काम पडद्याशी बांधू नये. प्रत्येक फोटोची स्थिती डेटाबेसमध्ये असावी: मसुदा, रांगेत, चढत आहे, साठ्यात पोहोचला, प्रकाशित, संरचित माहिती बाकी, अडकला. वर्कमॅनेजर हा अँड्रॉइडमधील मागे चालणारी कामे सांभाळणारा घटक ती स्थिती पाहून पुढचे पाऊल टाकतो. ठोसेघरच्या वाटेवर रेंज गेली, फोन बंद पडला किंवा मागे चाललेले ॲप बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली बंद केले गेले, तरी काम जेथे थांबले तेथूनच सुरू झाले पाहिजे. अँड्रॉइड १४ पासून अग्रभागी सेवेचा प्रकार जाहीर करावा लागतो. येथे माहिती-समन्वयाचा प्रकार लागू पडतो.

पुढील क्रम काटेकोर पाळावा. प्रथम फाइलीचा एसएचए-१ ठसा (तिच्या आशयावरून काढलेला ओळखक्रमांक) काढून तो ठसा असलेली फाइल कॉमन्सवर आधीच आहे का हे विचारावे. एक्झिफ नोंद बदलली की ठसाही बदलतो. म्हणून मूळ फाइल आणि बदललेली फाइल अशा दोन्हींचे ठसे तपासावेत. नंतर मीडियाविकी या कॉमन्स चालवणाऱ्या प्रणालीच्या एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रॅमने तिच्याशी बोलण्याच्या सोयीकडून, संपादनाचे टोकन घ्यावे. ओऑथ असले तरी हे टोकन लागतेच. मग फाइल तुकड्यातुकड्यांनी तात्पुरत्या साठ्यात पाठवावी. प्रत्येक तुकड्यासोबत फाइलीचा एकूण आकार आणि या तुकड्याची सुरुवात कोठून होते तो आकडा जातो. सर्व्हर दर वेळी एक किल्ली आणि पुढचा आकडा परत देतो, आणि ते दोन्ही लगेच डेटाबेसमध्ये लिहावेत. अर्ध्या मेगाबाइटचा तुकडा डोंगराळ भागातील संथ जाळ्याला झेपतो. सर्व तुकडे पोहोचले की त्या किल्लीसह नाव आणि मजकूर पाठवून फाइल प्रकाशित करावी. साठ्यातील फाइल ठरावीक काळाने पुसली जाते. किल्ली जुनी झाल्याचे उत्तर आले, तर गाजावाजा न करता पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करावी.

प्रकाशित करताना सर्व्हर इशारे देतो: हे नाव आधीच आहे, अशीच फाइल आहे, या नावाची फाइल पूर्वी वगळली होती. इशारे दुर्लक्षित करण्याचा पर्याय आपोआप चालू ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. नावाचा इशारा आला तर शेवटी अंक जोडावा, आणि पूर्वी वगळल्याचा इशारा आला तर माणसाला विचारावे. एक प्रसंग मात्र वेगळा आहे. फाइल प्रकाशित झाली, पण उत्तर फोनपर्यंत येण्याआधी जाळे तुटले, तर पुढच्या प्रयत्नात ‘अशीच फाइल आहे’ असा इशारा येतो. त्या फाइलीचा पाठवणारा हाच वापरकर्ता असेल, तर ती अडचण नसून यश आहे, आणि ॲपने तसेच नोंदवावे. ही तपासणी नसलेल्या ॲपमध्ये एकाच घाटाचे तीन-तीन फोटो चढतात.

चुकांचे संदेश एपीआयकडून मराठीत मागवता येतात. भाषेचा संकेत विनंतीतच द्यायचा असतो. सांकेतिक इंग्रजी शब्द तसाच पडद्यावर दाखवू नये.

फाइल प्रकाशित झाल्यावर तिच्या पानाच्या क्रमांकापुढे ‘एम’ अक्षर लावून तिची संरचित नोंद मिळते. तीत मराठी मथळा आणि पी १८० या गुणधर्माखाली ‘काय दिसते’ हे भरावे. ही विनंती अयशस्वी झाली तरी फाइल पुन्हा पाठवू नये, केवळ हाच टप्पा नंतर करावा. विकिडेटा नोंदीत पी १८ रिकामा असेल, तर तेथे हे चित्र लावायचे का असे विचारता येते. दिवा लावलेला गाभारा, गर्दी किंवा अंधुक दृश्य असलेले चित्र ठिकाणाचा चेहरा म्हणून शोभत नाही. म्हणून हे काम आपोआप करू नये.

आठवी पायरी: चाचणी आणि वितरण

चाचणीचे फोटो खऱ्या कॉमन्सवर कधीही चढवू नयेत. त्यासाठी बीटा कॉमन्स ही चाचणीची वेगळी प्रत आहे, तेथे वेगळे खाते काढावे लागते. सर्व्हर मध्येच गप्प होणे, अर्धवट उत्तर येणे, टोकन बाद होणे हे प्रकार खोटा सर्व्हर उभा करून स्वयंचलित चाचण्यांत आणावेत. त्यानंतर खरी परीक्षा रस्त्यावर घ्यावी. साताऱ्याहून कासपर्यंत जाताना रांगेत वीस फोटो ठेवून एसटीत बसावे. घाटात जाळे येते-जाते, आणि कार्यालयातील वायफायवर न दिसलेले दोष तेथे बाहेर येतात.

ॲपच्या नावात किंवा चिन्हात विकिमीडियाची बोधचिन्हे परवानगीविना वापरू नयेत. स्रोतसंकेत खुला ठेवला तर एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपांच्या भांडारात ॲप विनाशुल्क ठेवता येते. प्ले स्टोअरवर खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. महाविद्यालयातील एक तुकडी त्यासाठी पुरते.

नववी पायरी: फोटो चढल्यानंतर

बहुतेक ॲपे ‘यशस्वी’ हा शब्द दाखवून थांबतात आणि खरी गळती तेथून सुरू होते. एखाद्या चित्राबद्दल शंका आली, तर कॉमन्सवरील स्वयंसेवक वापरकर्त्याच्या चर्चापानावर संदेश ठेवतात, आणि वगळण्याच्या प्रस्तावावर साधारणपणे किमान सात दिवस चर्चा चालते. केवळ ॲप वापरणारा माणूस ते पान कधीच उघडत नाही. त्याला वाटते की चित्र अकारण नाहीसे झाले, आणि तो पुन्हा येत नाही. म्हणून ॲपने दिवसातून एकदा सूचना तपासाव्यात, नवा संदेश सर्वांत वर दाखवावा, तो मराठीत समजावून सांगावा आणि उत्तर देण्याचे बटण तेथेच द्यावे. खाते प्रतिबंधित असेल, तर रांग सुरू करण्यापूर्वीच ते कळायला हवे.

मुख्य पडद्यावर किती फोटो चढवले हा आकडा मोठा करून ठेवू नये, कारण जो आकडा दिसतो तोच माणसे वाढवत बसतात. त्याऐवजी दोन आकडे दाखवावेत: चढवलेल्यांपैकी किती टिकले, आणि त्यांतील किती एखाद्या विकिपीडियावरील लेखात वापरले गेले. दुसरी माहिती एपीआयच्या जागतिक वापराच्या सोयीतून मिळते, आणि तिच्यातून लेखाचे नाव व भाषाही कळते. ही विनंती पन्नास-पन्नास फाइलींच्या गटाने पाठवावी. उत्तर अपुरे आले तर सोबत मिळणारी पुढील खूण वापरून उर्वरित भाग मागवावा, आणि निकाल दिवसभर फोनमध्येच जपून ठेवावा.